सावलीतला लव्हाळा दर दिवाळीनंतर का करपतो?

गणपतीत हिरवागार, नवरात्रात ठीकठाक, आणि दारावरचा आकाशकंदील उतरवेपर्यंत पानांची टोकं तपकिरी. डिसेंबरात अर्धं पान वाळलेलं, मार्चपर्यंत वाफ्यात नुसता पेंढा. जूनमध्ये पाऊस आला की पुन्हा सगळं फुटून वर येतं आणि आपण म्हणतो, चला, जगला. ऑक्टोबरात परत तेच. आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीच्या मागच्या वाफ्यात हे लागोपाठ दोन वर्षं झालं. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं. ते कारण मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागा सांगते, म्हणजे तुमच्या जागेशी ताडून पाहता येईल. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली बारा फूट लांब, तीन फूट रुंद पट्टी. वर पर्जन्यवृक्षाची फांदी. ऊन फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी तासभर, एरवी उजेड असतो पण ऊन नाही. इथे दोनदा लॉनचे चौकोन आणून लावले होते, दोन्ही वेळा वर्षभरात माती उघडी पडली. मग मी ठरवलं की या सावलीत जे आपणहून येतं तेच लावायचं. भिंतीच्या कडेला, पाइपाशेजारी एक बुटका लव्हाळा दरवर्षी उगवत होता. बोटभर उंचीची गर्द हिरवी पानं, प्रत्येक काडीच्या टोकाला हरभऱ्याएवढा पांढरा गोंडा, आणि गोंड्याखाली तीन बारीक पानं तीन दिशांना पसरलेली. त्याचं शास्त्रीय नाव किलिंगा नेमोरॅलिस. नेमोरॅलिस म्हणजे रानातला, झाडीतला. आपल्याकडचाच आहे, मुंबईत मैदानांच्या कडेला, झाडांखाली, जुन्या वाड्यांच्या अंगणात सगळीकडे दिसतो. त्याचेच तुकडे करून मी पूर्ण पट्टी भरली. त्या पहिल्या पावसाळ्यात तो गालिचा इतका सुंदर झाला की वरच्या मजल्यांवरची माणसं खाली येऊन बघून गेली.

तुमच्याकडे जे आहे ते गवत की लव्हाळा, याची खात्री नसेल तर फुलाची काडी चिमटीत धरून फिरवा. लव्हाळ्याची काडी बोटांना तीन धारांची लागते, आणि मोडली तर आत भरीव असते. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि पेरांची.

आता करपण्याकडे वळते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकच निदान केलं: सावली. "ऊन नाही ना मॅडम, म्हणून जळतंय," माळीकाका म्हणाले, आणि मलाही ते पटलं. फांदी छाटायची तर महापालिकेची परवानगी लागते, ती खटपट सुरू केली. पण नीट विचार केला असता तर तेव्हाच लक्षात आलं असतं. सावली पावसाळ्यातही होतीच, उलट ढगांमुळे जास्तच होती, आणि त्याच चार महिन्यांत हा लव्हाळा सगळ्यात जोमात होता. शिवाय उजेड कमी पडला की लव्हाळा करपत नाही. तो लांबट होतो, फिका पडतो, एका बाजूला लोळतो आणि गोंडे धरत नाही. आमच्याकडे पानं आखूड आणि ताठ होती, फक्त टोकापासून जळत येत होती.

दुसऱ्या वर्षी मी खत घातलं. पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस, दर पंधरा दिवसांनी. करपणं वाढलं. मग पाणी वाढवलं, रोज सकाळी पाइप लावून वाफा भिजवायला सांगितला. करपणं आणखी वाढलं. त्या हिवाळ्यात मी रोज त्या वाफ्याजवळ जाऊन उभी राहायचे आणि मला खरोखर वाईट वाटायचं, कारण या गोष्टीत मी मन घातलं होतं.

उत्तर दिलं ते एका गड्डीने. मे महिना होता, सगळी पट्टी वाळलेली, आणि पट्टीच्या डाव्या टोकाला परातीएवढ्या जागेत लव्हाळा हिरवाकंच. सावली तीच, माती तीच, पाइप तोच. मी खाली बसून पानं हातात घेतली तर मानेवर थेंब पडला. वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या एसीची नळी तिथे उघडी सोडलेली होती, आणि रात्रभर, कधी कधी दुपारीही, थेंब थेंब पाणी त्या जागी पडत होतं.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि आमच्या वाफ्याला पाइपने जे पाणी मिळत होतं ते बोअरिंगचं. सोसायटीत फ्लशला, गाड्या धुवायला आणि बागेला बोअरिंग, प्यायला आणि स्वयंपाकाला महापालिकेचं. ही व्यवस्था इतकी सवयीची आहे की तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. घरात फिल्टरचं पाणी तपासायला घेतलेला टीडीएस मीटर होता (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम आहेत हे तो साधारण दाखवतो), तो घेऊन खाली गेले. नळाचं पाणी: शंभराच्या आत. एसीच्या नळीचं: त्याहून कितीतरी कमी. बागेच्या पाइपचं: चौदाशेच्या वर. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात विरघळलेल्या क्षारांची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं बोअरिंग माणसाला नाइलाजाने चाललं असतं, पण नाजूक पानाच्या झाडाला आठ महिने रोज देण्यासारखं ते नव्हतं.

मुंबईकरांना याची कल्पना येत नाही, कारण आपलं नळाचं पाणी फार गोडं आहे. तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी ही सगळी तलाव-धरणं पावसाच्या पाण्यावर भरतात, त्यामुळे त्यात क्षार कमी. त्या पाण्यावर कुंडीतलं काहीही जगतं आणि आपल्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी. जमिनीखालचं पाणी वेगळं असतं. समुद्राने वेढलेल्या शहरात उपसा वाढला की ते आणखी खारं होत जातं.

आता वेळापत्रक जुळवून पाहा. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोणी पाइप लावत नाही, आणि मातीत साठलेले सगळे क्षार धुऊन खाली जातात. म्हणून लव्हाळा जूनमध्ये फुटतो. ऑक्टोबरच्या मध्यावर माळीकाका पाइप बाहेर काढतात. पाणी मातीत जातं, मुळं ते ओढतात, पानातून पाण्याची वाफ होते आणि क्षार पानात मागे राहतात. पाण्याचा प्रवास जिथे संपतो तिथे, म्हणजे पानाच्या टोकाला, ते सगळ्यात जास्त साठतात. दोन-तीन आठवड्यांत टोक जळतं. तोवर दिवाळी आलेली असते. खत हेही क्षारच, त्यामुळे खताने भर पडली. आणि पान करपलं म्हणून पाणी वाढवलं, पाणी वाढवलं म्हणून पान आणखी करपलं. या फेऱ्यात मी पूर्ण एक हिवाळा घालवला.

तुमच्याकडे हेच आहे का, हे मीटरशिवायही ओळखता येतं. पान हातात घ्या. क्षाराने जळलेलं टोक कोरडं, तपकिरी आणि कडक असतं, आणि जळलेला भाग व हिरवा भाग यांच्यात बऱ्यापैकी स्पष्ट रेघ असते. आधी जुनी, बाहेरची पानं जळतात, मधली नवी पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात. तहानेचं लक्षण वेगळं. पाणी कमी पडलं की अख्खं पान लांबीत मिटतं, राखाडी दिसतं, आणि पाणी दिल्यावर काही तासांत उघडतं. शिवाय वाफ्याच्या विटांवर, कुंडीच्या काठावर किंवा वाळलेल्या मातीवर पांढरी साय धरलेली दिसली, तर शंका उरत नाही. आमच्या विटांवर ती होती. मी ती चुन्याची समजत होते.

उपाय सोपा आहे, पण दोन-तीन माणसांचं सहकार्य लागतं. मी काकूंकडे गेले आणि विचारलं, "काकू, तुमच्या एसीचं पाणी मला मिळेल का?" त्यांनी लगेच होकार दिला. आता तीन घरांच्या नळ्या जोडून खाली एका पिंपात सोडल्या आहेत. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सकाळी दहा लिटरची बादली सहज भरते. आमच्या पट्टीला उन्हाळ्यात रोज साधारण एक बादली पुरते, थंडीत एक दिवसाआड. सावली असल्यामुळे माती लवकर सुकत नाही, हा सावलीचा फायदाच म्हणायचा. डिसेंबर-जानेवारीत एसी बंद असतात, तेव्हा भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वापरते. मीठ घातलेलं पाणी मात्र नाही. घरच्या आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणीही चालतं, पण फिल्टरला महापालिकेचं पाणी येत असेल तरच. बोअरिंग किंवा टँकरवर आरओ चालत असेल तर त्याचं टाकाऊ पाणी मूळ पाण्याहून जास्त खारं होतं, ते वाफ्यात अजिबात घालू नका.

एसीच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी. सर्व्हिसिंगच्या दिवशी कॉइल धुतलेलं पाणी येतं, त्यात रसायन असतं. त्या दिवशी नळी बाजूला करायची. दुसरी गोष्ट डासांची. पिंपाला कापड घट्ट बांधा आणि आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामं करून आतून घासून कोरडं करा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाढ आठ-दहा दिवसांत होते, आणि ती अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. महापालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा त्यांना असंच उघडं पिंप सापडतं.

नळीचा थेंब थेट गड्डीवर पडू देऊ नका. आमच्याकडे जिथे थेंब पडत होता त्या नेमक्या जागी माती खणली जाऊन मुळं उघडी पडली होती. हिरवा होता तो भोवतालचा भाग.

आणि तुमच्याकडे बोअरिंगशिवाय काहीच नसेल तर? तरी वाट आहे. रोज थोडं थोडं शिंपडणं बंद करा, तो सगळ्यात वाईट प्रकार आहे, कारण पाणी उडून जातं आणि क्षार वरच्या दोन इंचांत राहतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर द्या, खालून वाहून जाईल इतकं. पाणी पानांवर नाही, मातीवर. महिन्यातून एकदा कुठून तरी तीन-चार बादल्या गोडं पाणी मिळवा आणि एका दमात वाफ्यात ओता, म्हणजे साठलेले क्षार मुळांखाली जातील. हे सगळं निचरा असेल तरच उपयोगी. पोडियमवरच्या बागेत किंवा खाली काँक्रीट असलेल्या वाफ्यात आधी निचऱ्याचं भोक मोकळं आहे का ते पाहा, नाहीतर पावसाळासुद्धा ते क्षार काढू शकणार नाही. रासायनिक खत पूर्ण बंद. वर्षातून एकदा, जूनच्या सुरुवातीला, मूठ-दोन मूठ चांगलं कुजलेलं शेणखत या लव्हाळ्याला पुरतं. कोकोपीट मिसळायचं असेल तर आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यातून धुऊन घ्या, न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असतं.

पाणी बदलल्यावर जळलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. ती कात्रीने तिरकी कापा, अख्खी गड्डी भादरू नका. नवं पान स्वच्छ येतंय का तेच बघायचं, आणि ते समजायला महिना जातो. आमच्याकडे एसीचं पाणी सुरू केल्यावर पाचव्या आठवड्यात मला पहिल्यांदा टोकापर्यंत हिरवं पान दिसलं. ते पान मी मुलीला खाली बोलावून दाखवलं.

लक्षणं वेगळी असतील तर कारणही वेगळं. नव्या पानांवर पिवळे-हिरवे उभे पट्टे दिसत असतील, आणि जुनी पानं ठीक असतील, तर पाण्यापेक्षा मातीवर संशय घ्या. मुंबईत सोसायटीचे वाफे फार वेळा डेब्रिजने भरलेले असतात, वर फक्त चार इंच लाल माती. सिमेंट आणि चुन्याच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फेस आला तर चुना आहे. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून तात्पुरतं हिरवं होतं, पण अशा मातीत ते लवकरच निकामी होतं. नऊ इंच खणून डेब्रिज काढणं आणि लाल माती-शेणखत भरणं हाच खरा इलाज. कष्टाचा आहे, पण एकदाच करावा लागतो.

गड्डी मधून काळी पडून कुजत असेल, तीही जुलै-ऑगस्टमध्ये, तर पर्जन्यवृक्षाची बारीक पानं बोटांनी विंचरून काढा. ती ओली होऊन गड्डीच्या गळ्याशी लगदा करून बसतात आणि हवा कोंडते. लावताना गड्डी खोल पुरली असेल तरी असंच होतं. पान जिथून फुटतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. आणि दोन-तीन वर्षांनी मधोमध टक्कल पडलं तर तो रोग नाही, गड्डी म्हातारी झाली. खणा, मधला भाग टाका, कडेचे तुकडे वीतभर अंतराने लावा. ही कामं जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर करावीत.

इंटरनेटवर सावलीच्या बागेसाठी सोनेरी पट्ट्यांच्या लव्हाळ्यांचे जे देखणे फोटो दिसतात ते बहुतेक केरेक्स. ती थंड हवेची मंडळी आहेत. आपल्याकडेही केरेक्सच्या रानटी जाती आहेत, पण पश्चिम घाटाच्या उंच, गार भागात. मुंबईच्या मे महिन्यात त्यांना जगवण्याचा खटाटोप मी तरी करणार नाही. नर्सरीत अंब्रेला पाम म्हणून मिळणारा उंच लव्हाळा जगतो, पण तो आफ्रिका-मादागास्करकडचा, आणि ओल्या जागी पसरत जातो. जिथे अर्धा दिवस चांगला उजेड आहे तिथे किलिंगाच्या जोडीला फिम्ब्रिस्टायलिस डायकॉटोमा छान दिसतो, बारीक तपकिरी कणसांचा, झुबकेदार. राष्ट्रीय उद्यानातून मात्र काहीही उपटून आणू नका, कायद्याने बंदी आहे. ओळख पटत नसेल तर सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

एक तक्रार बरेच जण करतात: लावलेला लव्हाळा एका सकाळी गायबच. हे माळीकाकांच्या खुरप्याचं काम असतं, आणि त्यांचा दोष नाही. त्यांच्या लेखी लव्हाळा म्हणजे नागरमोथा, आणि नागरमोथ्याने त्यांचा आयुष्यभर छळ केलेला आहे. आमच्या माळीकाकांना मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. नागरमोथा उपटला की खाली तारेसारखा काळा धागा येतो आणि त्यावर गाठी, सोललं की उटण्याचा वास. धागा तुटतो, गाठी मातीत राहतात, प्रत्येक गाठीतून नवं रोप. तुरा तांबूस तपकिरी, विस्कटलेला. किलिंगाच्या खाली गाठींची माळ नाही, मातीलगत सरपटणारी आखूड मुळकांडी, आणि वर तो पांढरा गोल गोंडा. नागरमोथ्याला ऊन लागतं, दाट सावलीत तो आपोआप मागे पडतो, त्यामुळे अशा वाफ्यात त्याची भीतीही कमी. काकांनी दोन्ही काड्या बोटांत फिरवून पाहिल्या, किलिंगाचं मूळ चुरगाळून हुंगलं, त्यालाही मंद सुवास असतो. मग म्हणाले, "हा गोंडेवाला ठेवायचा, तुरेवाला काढायचा." तेव्हापासून वाफ्यात एकही चुकीचं रोप उपटलं गेलेलं नाही, आणि ऑक्टोबरात पाइप बाहेर काढला की ते स्वतःच त्या पट्टीच्या अलीकडे थांबतात आणि पिंपातली बादली भरून घेतात.